जीप आली की गाव रिकामं

माझ्या कार्डावर 'सिस्टिम्स अ‍ॅनालिस्ट' असं छापलेलं होतं. त्याचा अर्थ काय, हे आमच्या आईला शेवटपर्यंत नीट कळलं नाही. शेजारणींनी विचारलं की ती सांगायची, "ऑफिसं तपासते." ते ऐकून शेजारणी जरा अंतर राखून वागायच्या.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. नागपुरात एका छोट्या कंपनीत मी नोकरीला होते. कंपनी कॉम्प्युटरचं काम करायची, पण कॉम्प्युटर मात्र मुंबईत होता आणि तोही दुसऱ्याच्या मालकीचा. आम्ही कार्डांना भोकं पाडायचो, खोके रेल्वेने मुंबईला पाठवायचो आणि उत्तरांची वाट पाहायचो. त्याच्या आधीचा टप्पा माझा. ज्यांचं काम यंत्रावर घ्यायचं त्यांच्याकडे जाऊन राहायचं, कोण काय करतं ते विचारायचं, आणि मोठ्या खाकी कागदावर त्या कामाचा नकाशा काढायचा. चौकोनात काम, दोन्ही टोकांना निमुळत्या आकृतीत प्रश्न, मधे बाण.

एकदा साहेबांनी बोलावून विचारलं, कारंजा लाड माहीत आहे का. मी म्हटलं, मूर्तिजापूरवरून एसटी जाते. एवढ्या ज्ञानावर माझी नेमणूक झाली.

कारंज्यात एक धर्मादाय संस्था होती. मोतीबिंदूची शिबिरं घ्यायची, रोजचा दवाखाना चालवायची. कारंज्याचेच एक व्यापारी मुंबईत जाऊन मोठे झाले होते. त्यांनी संस्थेला देणगी देताना अट घातली होती, की कारभार आधुनिक झाला पाहिजे. संस्थेचे अध्यक्ष निवृत्त मुख्याध्यापक होते. सगळे त्यांना गुरुजी म्हणायचे. गुरुजींनी आधुनिक या शब्दाचा अर्थ कॉम्प्युटर असा लावला आणि आमच्या कंपनीला कळवलं. साहेबांना त्यात पुढची बरीच वर्षं दिसली. निघताना त्यांनी मला बजावलं की नकाशा असा काढ, की यंत्राशिवाय त्यांचं भागतच नाही हे त्यांचं त्यांना दिसलं पाहिजे.

गुरुजी मला घ्यायला स्टँडवर आले होते, धोतर, काळा कोट आणि छत्री. दिवस थंडीचे, आभाळात ढगाचा पत्ता नाही, तरी छत्री. चहासुद्धा व्हायच्या आधी त्यांनी मला एक खोली दाखवली. नुकताच चुना दिलेला, खिडकीला बारीक जाळी, दाराला आंब्याच्या डहाळ्या. मधोमध एक टेबल होतं आणि टेबलावर काहीच नव्हतं.

"यंत्र इथे बसेल," गुरुजी म्हणाले. "पुरेल ना जागा?"

यंत्र मुंबईत असतं आणि इथून फक्त कागद जातील, हे मी त्यांना समजावून सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला, पण शिक्षकी जिद्द मोठी. निदान यंत्राचा एखादा भाग तरी इथे ठेवता येईल का, असं त्यांनी विचारलं.

माझी राहायची सोय दवाखान्यामागच्या खोलीत सिस्टरकडे होती. सिस्टर माझ्याच वयाची, चोविशी-पंचविशीची. तिच्या वडिलांनी नागपूरला जाऊन दीक्षा घेतली तेव्हा ती एवढीशी होती, त्यांच्या खांद्यावर बसून गेली होती. त्या प्रवासातली तिला फक्त माणसांची डोकी आठवत, दूरवर नुसती डोकीच डोकी. ती शिकून नर्स झाली, भाऊ शेती पाहायचा. खोलीत एका फळीवर बुद्धाची लहान मूर्ती होती आणि तिच्या शेजारी थर्मामीटरचा डबा. पहिल्याच संध्याकाळी तिने ज्वारीच्या भाकरी केल्या, मी वांग्याची भाजी केली, आणि भाजीत तिखट कमी पडल्याचं तिने मला तोंडावर सांगितलं. आमची मैत्री तिथे सुरू झाली.

दुसऱ्या दिवसापासून मी खाकी कागद भिंतीला लावून कामाला लागले. असल्या कामात एक गंमत असते. तुम्ही विचारता की काम कसं होतं, आणि लोक सांगतात ते कसं व्हायला हवं. गुरुजींनी सांगितलेली पद्धत तर फळ्यावर लिहून दिल्यासारखी होती. रोगी येतो, तपासणी होते, शिबिरात ऑपरेशन होतं, पट्टी सुटते, जखम भरली की नंबर काढतात, अकोल्याहून जाड भिंगांचा चष्मा बनून येतो, आणि संस्थेची जीप तो चष्मा गावात नेऊन देते. प्रश्नाच्या आकृत्या गुरुजींना फार आवडल्या. त्यांनी त्यांचं नाव शंकरपाळे ठेवलं. जाता-येता थांबून ते कागदाकडे बघायचे आणि म्हणायचे, "इथे एक शंकरपाळा हवा."

नकाशा सुरेख झाला. शेवटच्या चौकोनात मी ठळक लिहिलं, 'चष्मा मिळाला.'

मग सिस्टरने एक कपाट उघडून दाखवलं. कपाटात चष्मेच चष्मे. प्रत्येकाला दोऱ्याने चिठ्ठी बांधलेली, वर नाव आणि गाव. इंझोरी, केनवड आणि आणखी कितीतरी गावं. जीपमधून गेलेले हे चष्मे जसेच्या तसे परत आले होते. पोचवायला जाणाऱ्या कारकुनाने सांगितलं की लोक घरी नसतात. कुणी ऊस तोडायला जातं, कुणी मुंबईला. ते पटण्यासारखं होतं, कारण मजुरीसाठी गाव सोडणारी माणसं आम्ही स्टँडवर रोज पाहत होतो. गुरुजींना तर त्यात यंत्राची गरजच दिसली. कोण कधी गावी असतो हे यंत्र सांगेल, असं त्यांचं म्हणणं.

मला एक गोष्ट मात्र खटकत होती. मोतीबिंदू झालेली म्हातारी माणसं ऊस तोडायला कशी जातील? मी सिस्टरला विचारलं. ती म्हणाली, "मीपण कधी गेली नाही जीपसंगं. दवाखाना सोडता येत नाही. आता आपण जाऊनच पाहू."

जीप चालवायचे ते ड्रायव्हर पन्नाशीचे, दाट मिशांचे. अख्खं कारंजं त्यांना मामा म्हणायचं. जीप सरकारी लिलावातली. पहिलं शिबिर झाल्यानंतर संस्थेने घेतली होती आणि मामा तिच्यासोबतच आले होते. आधीच्या ऑफिसातही ती तेच चालवायचे. सकाळी बॉनेट पुसून तिला हात जोडल्याशिवाय ते बसत नसत. इंझोरीच्या रस्त्याने दोन्हीकडे कापूस फुटलेला, वेचणाऱ्या बायका ओळीने वाकलेल्या. जीप जवळ आली की त्या ताठ उभ्या राहायच्या आणि आम्ही पुढे जाईपर्यंत तशाच उभ्या. मला वाटलं, केवढा हा मान.

गावात शिरलो तर चिटपाखरू नाही. दारं लावलेली. एका अंगणातल्या चुलीवर भाताचं पातेलं रटरटत उतू चाललं होतं आणि ते बघणारं कोणी नव्हतं. कारकून जीपमध्ये उभा राहिला, तोंडापुढे हाताचा कर्णा केला आणि ओरडला, "ऑपरेशनवाले पुढे या!" मामांनी हॉर्न दिला. तुरीच्या शेताकडे जाणारा एक पंचा मला ओझरता दिसला. शेवटी एक म्हातारी विहिरीमागून आली आणि म्हणाली, "कोनी नाही बाई गावात. समदे गेले."

कुठे गेले, असं सिस्टरने विचारलं. म्हातारीने हात हलवून सगळी पश्चिम दिशा दाखवली.

चष्मे परत कपाटात गेले. मी नकाशावर शेवटच्या चौकोनाआधी एक शंकरपाळा घातला, 'माणूस घरी आहे का?' गुरुजी खूश झाले. मी झाले नाही. ते उतू चाललेलं पातेलं माझ्या डोक्यातून जात नव्हतं.

त्या आठवड्यात आम्ही पुन्हा निघालो. कारकुनाला ताप होता, म्हणून सिस्टर, मी आणि मामाच. इंझोरी थोडी दूर असताना फॅन बेल्ट तुटला. मामा म्हणाले की करतो काहीतरी जुगाड, पण वेळ लागेल. तेवढ्यात मागून एक बैलगाडी आली, कडबा भरलेली. गाडीवान इंझोरीचाच होता. चष्म्यांची पेटी मांडीवर घेऊन सिस्टर आणि मी कडब्यावर चढून बसलो. कडबा टोचत होता, ऊन कोवळं होतं, आणि सिस्टर माझ्या नागपुरी बोलण्याची नक्कल करून मला हसवत होती.

गावात आलो तर गाव भरलेलं. पारावर माणसं, ओट्यावर बायका, अंगणात शेंगा फोडणं चाललेलं. आम्हाला पाहून कोणी उठलं नाही की पळालं नाही. कुणाकडच्या पाहुण्या, एवढंच विचारलं. सिस्टरने पेटी उघडून नावं वाचायला सुरुवात केली, तशी माणसं जमू लागली. कोणी आपल्या आईला हाताला धरून आणलं, कोणी सासऱ्याला.

गाडीवानाचे वडीलच यादीत पहिले होते. सत्तरी ओलांडलेले, पांढरी खुंटं वाढलेली, भिंतीला हात लावत चालायचे. सिस्टरने त्यांना ओट्यावर बसवलं. मी चष्मा पुसला, तिने तो त्यांच्या कानांवर बसवला आणि समजावून सांगितलं की बाबा, यातून सगळं मोठं आणि जवळ दिसेल, सवय होईपर्यंत उठायची घाई करू नका.

म्हाताऱ्याने आधी स्वतःचे तळवे पाहिले. उलटे केले, सुलटे केले. मग सिस्टरचा चेहरा पाहिला आणि तोंडभर हसले. त्यांची सून पदराआड डोळे पुसायला लागली. मीही पुसत होते.

नेमक्या त्याच वेळी हॉर्न वाजला. मामांनी बेल्ट कसातरी जोडला होता आणि आम्हाला घ्यायला ते दिमाखात गावात शिरत होते.

म्हाताऱ्याने मान वर केली. कितीतरी वर्षांनी त्यांना समोरचा रस्ता स्वच्छ दिसत होता, आणि त्या रस्त्यावर, आहे त्याहून मोठी आणि जवळ, जीप होती. ते उठले. भिंतीला हात लावला नाही, काठी घेतली नाही. अंगणाच्या काट्यांच्या कुंपणावरून त्यांनी अशी उडी मारली, की त्यांचा मुलगा आ वासून बघत राहिला. मग मुलगाही पळाला. मी वळून पाहिलं तोवर अंगणात सिस्टर, मी, उघडी पेटी आणि एक शेळी, एवढ्याच उरलो होतो.

घरात शिरून मागच्या दाराने पळायच्या बेतात असलेल्या सुनेचा हात सिस्टरने पकडला. "काहून पळून राह्यले हे समदे?"

सून कुजबुजली, "ते नसबंदीची गाडी हाये ना बाई."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. एक-दोन वर्षांपूर्वी, आणीबाणीत, याच जीपमध्ये घालून गावोगावची माणसं ऑपरेशनला नेली होती. बाजारातून नेली, शेतातून नेली. एका घरच्या मुलाचं लग्न ठरलं होतं, तरी नेला. ती मोहीम बंद झाली, पण जीप फिरतच राहिली, आणि वर आता तिच्यात उभं राहून एक माणूस ऑपरेशनवाल्यांना बोलावत होता. तिच्यात चष्मे असतील असं कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं. सिस्टरने विचारलं की एवढ्या म्हाताऱ्या माणसाला कोण नेईल.

"त्यायले काय त्याचं," सून म्हणाली. "त्यायले आकडा पाह्यजे."

मामा जीपमधून उतरले नव्हते. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून बसले होते. मी जवळ जाऊन सांगितलं की मामा, लोक जीपला घाबरतात. ते म्हणाले, "मले मालूम हाये."

त्यांना पहिल्या फेरीपासून माहीत होतं. तेव्हाही जीप त्यांनीच चालवली होती. तेव्हाच्या सरकारी साहेबाचा हुकूम, रोजंदारीची नोकरी. "गुर्जीले सांगितलं असतं, तर गुर्जीनं गाडी इकली असती," ते म्हणाले. "गाडी गेली, तं मी कुठी जाऊ?" सिस्टरने त्यांना पाणी दिलं.

तुरीच्या शेतातून म्हातारबाबा परत आले तेव्हा त्यांचा सदरा फाटला होता, पण चष्मा शाबूत होता. मामा खाली उतरले आणि त्यांच्यापुढे उभे राहिले. म्हाताऱ्याने त्या मोठ्या भिंगांतून त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"गाडी आनत नको जाऊ," ते म्हणाले. "तू येत जाय."

एवढंच. मग सून आत गेली आणि चहा टाकला. मामा तो उभ्यानेच प्यायले.

कारंज्याला परतताना मला गुरुजींची काळजी लागली होती. जीप त्यांनी हौसेने घेतली होती. संध्याकाळी नकाशासमोर बसवून मी त्यांना सगळं सांगितलं आणि पेन्सिलने दाखवलं, की सगळी गडबड या एका बाणावर आहे, आणि तिथे कुठलंही यंत्र कामाचं नाही. मामांचं काय करायचं हेही मी विचारलं. गुरुजींनी त्या बाणावर बोट ठेवलं.

"म्हणजे यंत्र नको," ते म्हणाले, "आणि आहे ती गाडीपण नको."

त्यांनी छत्री उचलली आणि घरी गेले. मला वाटलं, आता आपलं बोचकं बांधावं. पण सकाळी ते पेंटरला घेऊन आले. मामांना एक शब्दही बोलले नाहीत, फक्त जीप मोकळी करायला सांगितली. त्यांचा उपाय असा होता की जीपचं रूप बदलायचं. दिवस मावळेपर्यंत जीप पांढरीशुभ्र झाली आणि बॉनेटवर दोन भलेमोठे डोळे आले, पापण्यांसकट. पेंटर सिनेमाची पोस्टरं रंगवणारा होता, त्यामुळे डोळे फारच नखरेल झाले. कारंज्याच्या बाजारात तिच्यामागे पोरांची मिरवणूक निघाली.

इंझोरीच्या अलीकडच्या एका गावात ती नेऊन पाहिली. गाव पुन्हा रिकामं. एक बाई लहान मुलाला दूध पाजत होती म्हणून तेवढी राहिली होती. ती म्हणाली, "रंग बदलला, पन आवाज तं तोच हाये."

गुरुजी स्वतः आमच्यासोबत होते. त्यांनी ते ऐकलं, खाली उतरले आणि आयुष्यभर मुलांच्या चुका काढलेला तो माणूस एकटाच हसायला लागला. मग ते शाळेतल्यासारखं मोठ्याने म्हणाले, "चला, नवा कागद लावा."

तो नकाशा आम्ही चौघांनी मिळून काढला, गुरुजी, सिस्टर, मामा आणि मी. कुणाचं घर शोधत जायचंच नाही. प्रत्येक भागातल्या आठवडी बाजाराला चष्म्यांची पेटी न्यायची, आणि तीही एसटीने, कारण एसटीला कोणी भीत नाही. बाजारात सगळी गावं आपणहून येतात. जीपने कारंज्यातच राहायचं आणि स्टँडवर उतरलेल्या रोग्यांना दवाखान्यात आणायचं. मामांनी सकाळी जीप चालवायची आणि बाजाराच्या दिवशी पेटी घेऊन बसमध्ये बसायचं. मामांना मोठा प्रश्न बसचाच होता. दुसऱ्याने चालवलेल्या गाडीत ते लग्नाच्या वरातीनंतर बसलेच नव्हते.

साहेबांना कळवणं भाग होतं. कारंज्याच्या पोस्टातून ट्रंक कॉल लावला. खरखर इतकी होती की मला ओरडूनच बोलावं लागलं. यंत्राची गरज नाही, असं मी ओरडले. मग कशाची आहे, असं साहेब ओरडले. मी सांगितलं.

"म्हणजे तू त्यांना एसटी विकून आलीस?"

हे वाक्य मात्र इतकं स्पष्ट आलं, की तिकिटं चिकटवणारी माणसं माझ्याकडे वळून बघायला लागली. पुढचं त्यांचं बोलणं खरखरीत बुडालं, त्याबद्दल मी टेलिफोन खात्याची आजही ऋणी आहे. नोकरी गेली नाही. पुढच्या खेपेला मात्र त्यांनी मला कापसाची सरकी काढणाऱ्या एका सहकारी जिनिंगमध्ये पाठवलं, जिथे दयामायेचा संबंध येणार नव्हता.

निघायच्या आधी मला एकदा बाजार बघायचा होता. आम्ही केनवडला गेलो, तीन गाड्या बदलत. सिस्टरने त्या दिवशी दवाखान्यातून सुट्टी घेतली होती. मामा पूर्ण रस्ताभर पेटी मांडीवर घेऊन बसले आणि एसटीच्या ड्रायव्हरने गिअर टाकला की तोंडातल्या तोंडात पुटपुटत होते, "थांब, थांब, आता टाक." बाजारात मिरच्यांचे ढीग, गूळ, दोरखंड, बैलांच्या गळ्यातल्या घंटा. कडुनिंबाखाली आम्ही सतरंजी टाकली. सुरुवातीला कोणी फिरकेना. मग मामा उठले आणि ओळखीच्या चेहऱ्यांकडे स्वतःच गेले. काही जण त्यांना पाहून बाजूला झाले. एका माणसाने त्यांना बरंच काही सुनावलं. मामा मान खाली घालून ऐकत राहिले, आणि त्याचं बोलून झाल्यावर त्याच्याच आईचा चष्मा आणून त्याच्या हातात दिला. तो माणूस चष्मा घेऊन गेला. थोड्या वेळाने आईला घेऊन आला.

दुपारपर्यंत पेटी बरीचशी रिकामी झाली. शेवटी एक आजीबाई आल्या, अंगाने काटकुळ्या, आवाज मात्र खणखणीत. सिस्टरने चष्मा लावून दिला. कसं दिसतं म्हणून विचारलं, तोवर त्यांनी पदर खोचला. ताड्‌दिशी उठल्या आणि समोरच्या भाजीच्या दुकानाकडे निघाल्या. पावलं जरा उंच पडत होती, जमीन वर आल्यासारखी. त्यांनी एक वांगं उचललं, डोळ्यांजवळ नेलं आणि बाजूला फेकलं. दुसरं उचललं, फेकलं. तिसरं बोटाने टोचून पाहिलं.

"इतके दिवस तू मले हेच देऊन राह्यला होता?" त्या भाजीवाल्याला म्हणाल्या.

भाजीवाल्याने आमच्याकडे असं पाहिलं, जसं काही आम्ही त्याच्या दुकानात बैल सोडला होता. सिस्टर हसून हसून सतरंजीवर लोळायचीच बाकी होती. आजीबाईंनी शेवटी दोन-तीन चांगली वांगी निवडली, ती पदरात बांधली आणि आमच्याकडे वळूनही न पाहता बाजारातून तरातरा निघून गेल्या, दर पावलाला पाय जरा जास्तच उचलत.